आधी कागद, मग कुदळ

२०१३ सालच्या जानेवारीत ब्रिटनहून एक पथक म्यानमारमधल्या यांगूनला पोहोचलं. त्यात पुरातत्त्वज्ञ होते, भूभौतिकीचे अभ्यासक होते आणि नव्वदी ओलांडलेले एक माजी सैनिकही होते. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हे गृहस्थ तरुण शिपाई म्हणून याच शहरात होते. शहराचं नाव तेव्हा रंगून होतं. मिंगालाडॉन विमानतळाच्या आवारात भलीमोठी लाकडी खोकी जमिनीत पुरली जाताना आपण पाहिली, असं ते सांगत. त्या खोक्यांत काय असणार, हे जगभरच्या वर्तमानपत्रांनी आधीच छापून टाकलं होतं. कारखान्यातून निघाल्यावर एकदाही आकाशात न गेलेली, ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेली, सांधे डांबराने बंद केलेली स्पिटफायर विमानं.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन हवाई दलाला इंग्लंडच्या आकाशात रोखलं ते मुख्यतः दोन विमानांनी. एक हरिकेन आणि दुसरं हे स्पिटफायर. वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बनली, पण आज त्यांतली उडण्याजोगी शंभरही उरलेली नाहीत. त्यामुळे किंमत केवढी चढली आहे ते एका उदाहरणावरून कळेल. मे १९४० मध्ये फ्रान्समधल्या कॅले गावाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एक जखमी स्पिटफायर पोटावर उतरलं आणि हळूहळू वाळूत गडप झालं. १९८० साली वाळू सरकली आणि ते पुन्हा वर आलं. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०११ मध्ये ते उडालं आणि २०१५ मध्ये लिलावात एकतीस लाख पौंडांना विकलं गेलं. वाळूत चाळीस वर्षं खारं पाणी प्यालेल्या विमानाची ही किंमत असेल, तर खोक्यात बंद असलेल्या कोऱ्या विमानांच्या स्वप्नाने माणसं झपाटली यात नवल नाही.

डेव्हिड कंडॉल त्यांतलेच एक. लिंकनशायरचे शेतकरी, जुन्या विमानांचे वेडे. १९९६ च्या सुमारास त्यांच्या कानावर ही गोष्ट आली. महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, मिंगालाडॉनला खोक्यांतली स्पिटफायर पुरली गेली असं काही अमेरिकन माजी सैनिकांनी सांगितल्याचं त्यांना कळलं. त्यांनी साक्षीदार शोधले, जाहिराती दिल्या, स्वतःचे पैसे खर्चून म्यानमारच्या वाऱ्या केल्या. तिथे लष्करी राजवट होती आणि पाश्चात्त्य देशांचे निर्बंध होते, त्यामुळे काम पुढे सरकत नव्हतं. एप्रिल २०१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन म्यानमारला गेले आणि हा विषय थेट सरकारी पातळीवर पोहोचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये म्यानमार सरकारशी करार झाला. युद्धावरचे संगणकीय खेळ बनवणाऱ्या वॉरगेमिंग या कंपनीने खर्च उचलला. विमानांचा आकडाही एव्हाना वाढत गेला होता. सुरुवातीला वीस, मग एकट्या मिंगालाडॉनला छत्तीस आणि देशातली बाकीची ठिकाणं धरून शंभरापलीकडे.

शोध सुरू झाला. उत्तरेकडच्या मिचिना इथे एक पेटीसारखं काही सापडल्याची बातमी आली. आत कॅमेरा सोडला तर गढूळ पाणी दिसलं. मिंगालाडॉनला उपकरणांनी जमीन तपासली, खणून पाहिलं. विमान मिळालं नाही. फेब्रुवारीत कंपनीने जाहीर केलं की इथे स्पिटफायर पुरलेली नाहीत, आणि आमच्या अभ्यासाप्रमाणे ती कधी पुरलीच गेली नव्हती. कंडॉल यांना हे पटलं नाही. त्यांनी त्यानंतरही शोध चालू ठेवला.

बातम्यांत या मोहिमेची 'फसलेली मोहीम' म्हणून नोंद झाली. मला मात्र पुरलेल्या विमानांच्या शोधाच्या इतिहासात तिच्याइतकी शिकवणारी दुसरी मोहीम दिसत नाही. कारण या पथकाने जमिनीबरोबर कागदही खणले. लंडनच्या अभिलेखागारात रॉयल एअर फोर्सच्या तुकड्यांच्या रोजच्या नोंदवह्या आहेत. कोणतं विमान कधी बनलं, कोणत्या बोटीने कुठे गेलं, कुणाकडे सोपवलं आणि शेवटी कधी मोडीत काढलं, याचं प्रत्येक विमानाचं स्वतंत्र कार्ड असे. रंगून बंदरात माल उतरवून घेणाऱ्या तुकडीचे कागद तपासले तेव्हा दिसलं की १९४५ आणि १९४६ या काळात तीन बोटींतून मिळून तिथे एकूण ३७ विमानं आली आणि त्यांत खोक्यांतली स्पिटफायर असल्याचं दिसत नाही. जी विमानं रंगूनला पोहोचलीच नाहीत, ती तिथे पुरली कशी जाणार?

कागद बाजूला ठेवला तरी साधा हिशेबही पुष्कळ सांगतो. स्पिटफायरचं खोकं सुमारे चाळीस फूट लांब, नऊ फूट रुंद आणि अकरा फूट उंच. अशी छत्तीस खोकी शेजारीशेजारी ठेवायची म्हटली तर तेरा हजार चौरस फूट जागा लागते. ती तीस फूट खोल पुरली असं सांगितलं जात होतं. म्हणजे खड्ड्याच्या उतरत्या बाजू सोडून नुसती मधली मातीच अकरा हजार घनमीटर. आजच्या मोठ्या डंपरच्या हजारभर खेपा. रंगून पुन्हा ब्रिटिशांच्या हाती आलं ते मे १९४५ च्या पहिल्या आठवड्यात, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. बंदराची पडझड झालेली, रस्ते चिखलात, अवजड यंत्रांची आणि लाकडाची टंचाई, मैलोन्‌मैल पसरलेल्या सैन्याला अन्न पोहोचवण्याची मारामार. अशा वेळी एवढं खोदकाम कोणी करेल, त्यासाठी क्रेन लावेल आणि त्याची एकाही कागदावर नोंद राहणार नाही, हे संभवत नाही.

शिवाय पुरायची गरजच काय होती? युद्ध संपल्यावर नको असलेल्या विमानांचं काय झालं, याचा उत्तम पुरावा आपल्याच देशात आहे. अमेरिकेने उधार-उसनवारीच्या करारावर दिलेली बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमानं ब्रिटिशांनी कानपूरला उघड्या मैदानात सोडून दिली. जाण्याआधी कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली. भारताला स्वातंत्र्य मिळाल्यावर बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्याच भंगारातून एकाचा भाग दुसऱ्याला जोडत चाळीसएक लिबरेटर पुन्हा उभी केली. कंपनीचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत आणली. भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. आज अमेरिका, ब्रिटन, कॅनडा इथल्या संग्रहालयांत उभ्या असलेल्या काही लिबरेटरांनी आपल्या हवाई दलाचा गोल तिरंगी शिक्का मिरवलेला आहे. बनारस हिंदू विद्यापीठात तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी दिलेलं एक हरिकेन विमान वर्षानुवर्षं आवारात पडून होतं. पीटर व्हॅशर या ब्रिटिश गृहस्थाने १९८२ मध्ये ते पाहिलं. पुढे त्याचा क्रमांक, आर ४११८, जुळवून पाहिला तेव्हा कळलं की १९४० च्या त्या ऐतिहासिक लढाईत हेच विमान प्रत्यक्ष लढलं होतं. ते इंग्लंडला परत गेलं आणि २००४ मध्ये पुन्हा उडालं. ज्याच्यासाठी लोक जमीन खणत होते, ते झाडाझुडपांत उघड्यावर उभं होतं आणि त्याची ओळख पटवली ती एका क्रमांकाने.

मग त्या वृद्ध सैनिकाने पाहिलं ते काय? ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. विमानतळावर खोकी येत होती, लष्कर निघताना कचरा, मोडकं सामान, निकामी दारूगोळा जमिनीत गाडत होतं, हे सगळं खरं आहे. डोळ्यांनी पाहिलेलं खोकं आणि नंतर ऐकलेलं विमान सदुसष्ट वर्षांत एकत्र झालं असणार. आठवण ही शोधाची सुरुवात असू शकते, पण कुठे खणायचं ते तिच्या एकटीच्या भरवशावर ठरवता येत नाही.

उपकरणांचंही तसंच. त्यांच्याबद्दल लोकांच्या मनात अवास्तव कल्पना असतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. जमिनीखालचा धातू शोधायला सर्वांत जुनं साधन म्हणजे मॅग्नेटोमीटर. लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा सूक्ष्म फरक तो टिपतो. अडचण अशी की विमान मुख्यतः अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि अॅल्युमिनियम मॅग्नेटोमीटरला दिसत नाही. त्याला दिसतात ते इंजिनातले पोलादी भाग, बंदुका, चाकांचे दांडे. जमिनीची विद्युतवाहकता मोजणारी दुसरी उपकरणं अॅल्युमिनियमही ओळखतात, पण तो पत्रा विमानाचा की पिंपाचा हे सांगू शकत नाहीत. तिसरं साधन म्हणजे जमिनीत लहरी सोडणारं रडार. कोरड्या वाळूत आणि बर्फात ते छान चालतं. ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी काही फुटांतच विरून जातात. यांगूनची माती ओली, त्यात जुन्या विमानतळाची जमीन. खाली पाइप, केबली, युद्धकाळात धावपट्टीसाठी अंथरलेल्या भोकाभोकांच्या पोलादी जाळ्या. तिथे उपकरण सतत 'काहीतरी आहे' असंच सांगणार. जमिनीखाली काही नसेल अशी विमानतळाची जागा जगात कुठे सापडायची नाही.

बर्फात गोष्ट वेगळी असते. १५ जुलै १९४२ रोजी अमेरिकेची सहा पी-३८ लढाऊ विमानं आणि दोन बी-१७ बॉम्बफेकी विमानं ब्रिटनकडे निघालेली असताना खराब हवामानात सापडली आणि ग्रीनलंडच्या बर्फावर उतरली. पहिलं चाकांवर उतरायला गेलं आणि उलटलं, म्हणून बाकीच्यांनी चाकं आत घेऊन पोटावर उतरणं पत्करलं. पंचवीसच्या पंचवीस माणसं वाचली, विमानं तिथेच राहिली. इथे दंतकथेला जागाच नव्हती. तारीख, ठिकाण, छायाचित्रं, वाचलेली माणसं, सगळं होतं. १९८० च्या दशकात पॅट एप्स आणि रिचर्ड टेलर या दोघा अमेरिकनांनी शोध हाती घेतला तेव्हा त्यांना वाटलं होतं की वरचा बर्फ फावड्याने ओढला की विमानं दिसतील. प्रत्यक्षात ती सापडायलाच १९८८ उजाडलं. हिमनदी सरकत असते, त्यामुळे विमानं मूळ जागेपासून काही किलोमीटर पुढे गेली होती आणि वर साठलेल्या बर्फाची खोली निघाली २६८ फूट, म्हणजे सुमारे पंचवीस मजली इमारतीएवढी.

एवढ्या खोल शिरायचं कसं? त्यांनी तांब्याच्या नळ्या गुंडाळलेलं एक शंकूच्या आकाराचं यंत्र केलं. नळ्यांतून गरम पाणी फिरवायचं, यंत्र आपल्या वजनाने बर्फ वितळवत खाली जाणार आणि झालेलं पाणी पंपाने उपसायचं. अशी चारएक फूट रुंदीची विहीर तयार झाली. माणसं तिच्यातून दोरावर खाली उतरली, गरम पाण्याच्या फवाऱ्याने विमानाभोवती बर्फाची गुहा कोरली आणि आत बसून विमानाचा एकेक भाग सुटा केला. आधी सापडलेलं बी-१७ बर्फाच्या दाबाखाली चिरडलेलं होतं. १९९२ मध्ये वर काढलेलं पी-३८ मात्र बरंच शाबूत निघालं. केंटकीतल्या मिडल्सबरो गावी त्याच्या दुरुस्तीला दहा वर्षं लागली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये 'ग्लेशियर गर्ल' या नावाने ते हजारो लोकांसमोर उडालं. २०१८ मध्ये त्याच ताफ्यातलं आणखी एक पी-३८ रडारने शोधलं गेलं, ते आणखी खोल आहे.

इंग्लंडमधलं एक उदाहरण मला फार आवडतं. १५ सप्टेंबर १९४० रोजी वैमानिक रे होम्स यांच्या हरिकेनमधल्या गोळ्या संपल्या आणि समोर जर्मन डॉर्निअर लंडनच्या दिशेने चाललेलं. त्यांनी आपलं विमान त्याच्यावर घातलं. डॉर्निअर व्हिक्टोरिया स्टेशनच्या आवारात पडलं, होम्स हवाईछत्रीने वाचले आणि त्यांचं हरिकेन बकिंगहॅम पॅलेस रोडवर नाक खाली करून इतक्या वेगाने शिरलं की इंजिन रस्त्याखाली खोल गाडलं गेलं. वरून पाण्याचे नळ गेले, डांबर पडलं, बसगाड्या धावू लागल्या. २००४ मध्ये जुने कागद आणि प्रत्यक्षदर्शींच्या नोंदी जुळवून संशोधकांनी नेमकी जागा ठरवली, रस्ता खणला आणि इंजिन वर काढलं. होम्स तेव्हा हयात होते. जवळजवळ चौसष्ट वर्षांनी आपल्या विमानाचे अवशेष त्यांना पाहायला मिळाले.

होम्स वाचले होते. अशा गाडलेल्या विमानांत पुष्कळदा माणूस वाचलेला नसतो आणि तिथे शोधाचा अर्थच बदलतो. म्हणून ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने पडलेल्या प्रत्येक लष्करी विमानाला संरक्षण दिलं आहे. संरक्षण खात्याच्या परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. नेदरलँड्सने त्यापुढचं पाऊल उचललं. ज्या विमानांत बेपत्ता वैमानिकांचे अवशेष असण्याची शक्यता आहे, ती सरकारी खर्चातून पद्धतशीर बाहेर काढायची. २०२० मध्ये मार्करमीर जलाशयाच्या तळाच्या गाळातून एक शॉर्ट स्टर्लिंग काढलं गेलं. मार्च १९४३ मध्ये ते सात जणांसह बुडालं होतं. त्या विमानाचा लिलाव होणार नव्हता, ते कधी उडणार नव्हतं. तरीही गाळ चाळून चाळून हाडाचा तुकडान्‌तुकडा वेचला गेला. माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम हे आहे.

मिंगालाडॉनच्या उत्तरेला टाउक्यान इथे युद्धस्मशानभूमी आहे. तिथल्या स्मारकाच्या खांबांवर जवळपास सत्तावीस हजार नावं कोरलेली आहेत. ज्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही अशा सैनिकांची ही नावं आहेत आणि त्यांत भारतीयांचा मोठा वाटा आहे. छत्तीस विमानांसाठी जगभरची वर्तमानपत्रं रंगूनला धावली. या सत्तावीस हजारांसाठी तसं कोणी धावलेलं नाही.

आपल्याकडे हा विषय सर्वांत जिवंत आहे तो अरुणाचल प्रदेशात. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशाचा रस्ता तोडल्यावर चीनला रसद पोहोचवण्यासाठी अमेरिकेने आसाममधल्या चबुआ, दिनजान, मोहनबारी, जोरहाट अशा तळांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमानं न्यायला सुरुवात केली. वैमानिक या मार्गाला 'हम्प' म्हणत. अचानक येणारी वादळं, पंखांवर साचणारा बर्फ, अपुरे नकाशे. युद्ध संपेपर्यंत सुमारे सहाशे विमानं गेली आणि सोळाशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. ही विमानं कुणी पुरली नाहीत. जंगलाने, दरडींनी आणि पालापाचोळ्याने ती गिळली.

तिथे शोधाची सुरुवात होते ती गावातल्या शिकाऱ्यांपासून. कोणत्या दरीत पत्रा दिसतो हे त्यांना आजोबा-पणजोबांपासून माहीत असतं. विमानाच्या अॅल्युमिनियमची भांडी कित्येक घरांत वापरली गेली आहेत. क्लेटन कूल्स हा अमेरिकन गिर्यारोहक या शिकाऱ्यांना सोबत घेऊन वर्षानुवर्षं अरुणाचलात फिरला आणि त्याने वीसहून अधिक विमानांची जागा निश्चित केली. त्याची पद्धत सरळ होती. अवशेषांवरचा क्रमांक वाचायचा, तो अमेरिकन दप्तरातल्या बेपत्ता विमानांच्या अहवालाशी ताडायचा, मग आत कोण होतं ते कळतं. 'हॉट अॅज हेल' हे लिबरेटर विमान २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून चबुआकडे येताना हरवलं होतं. २००६ मध्ये कूल्सला ते दाम्रोह गावाच्या परिसरातल्या डोंगरात सापडलं. पण अवशेष काढायला अमेरिकन सरकारचं पथक तिथे पोहोचलं ते २०१५ मध्ये. २०१७ मध्ये त्यातल्या रॉबर्ट यूजीन ऑक्सफर्ड या अधिकाऱ्याची ओळख पटली आणि जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या गावी दफन झालं. अपघातानंतर त्र्याहत्तर वर्षांनी. नोव्हेंबर २०२३ मध्ये पासीघाटला 'हम्प'चं संग्रहालय सुरू झालं आहे. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहावं.

तरीही एक मोठी उणीव आहे. आपला पुरातन वास्तू आणि अवशेषांचा १९५८ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या गोष्टींनाच लागू होतो. १९४२ साली पडलेलं विमान त्या कक्षेत यायला २०४२ उजाडेल. तोवर कुणी त्याचा पत्रा भंगारात विकायला काढला तरी त्याला ब्रिटनमध्ये आहे तसं संरक्षण नाही. महायुद्धकालीन अवशेषांची यादी, जागेची नोंद आणि परवान्याशिवाय हात न लावण्याचा नियम एवढं तरी केंद्र सरकारने २०४२ ची वाट न पाहता करायला हवं. त्याला फार पैसा लागत नाही.

आणि वाचकांना दोन विनंत्या. ईशान्येत भटकंती करताना जंगलात जुन्या विमानाचा तुकडा दिसला तर उचलून आणू नका. त्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि जिल्हा प्रशासनाला कळवा, कारण जागेवरून हलवलेल्या तुकड्याची ओळख निम्मी पुसली जाते. दुसरी विनंती महाराष्ट्रातल्या घरांना. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतूनच नव्हे, राज्यभरातून माणसं त्या युद्धात गेली होती. त्यांची सेवापुस्तकं, पत्रं, तुकडीचे फोटो ट्रंकेत असतील तर रद्दीत देऊ नका. फोटोच्या मागे नाव, गाव, तुकडी आणि साल पेन्सिलीने लिहा आणि घरातलं सर्वांत वृद्ध माणूस जे सांगतं ते आजच तारखेसह वहीत उतरवून ठेवा.